कॅडफेल वाचायला घेताय? शेवटचं पुस्तक आधी उघडू नका

कॅडफेल म्हणजे मठातला एक साधू, वनौषधींची बाग सांभाळणारा आणि खुनांचा छडा लावणारा. एलिस पीटर्सच्या या मालिकेत वीस कादंबऱ्या आहेत. पहिली १९७७ची, शेवटची १९९४ची. प्रत्येकीतला खून त्याच पुस्तकात उलगडतो, म्हणून कुठूनही सुरुवात करता येईल असं वाटतं. तसं करू नका. बाराव्या शतकातलं इंग्लंड, स्टीफन आणि मॉड यांच्यातली गादीची लढाई, श्रूजबरीचा मठ, हे सगळं पुस्तकागणिक पुढे सरकतं. वीसही वाचणं जमणार नसेल तर पहिली, दुसरी, सहावी आणि दहावी तरी वाचाच. सहावीत एक तरुण भेटतो, त्याच्यावर नीट लक्ष ठेवा. (कोण, ते मुद्दाम सांगत नाही.)

कारण शेवटच्या कादंबरीत खुनाचा तपास दुय्यम आहे. मठाधिपतींनी कॅडफेलला परवानगी दिलीय ती फक्त कॉव्हेंट्री शहरापर्यंत जायची. त्यापुढे जायचं तर आज्ञाभंग, आणि वनौषधींची बाग, तो मठ, कदाचित कायमचा सुटणार. तरी कॅडफेल जातो. आधीच्या पुस्तकांत त्या बागेत तुमचा जीव गुंतला असेल, तरच हा निर्णय काळजाला भिडतो. इतका समाधानकारक शेवट फार थोड्या मालिकांना लाभलाय. घाईत वाचू नका.