चामड्याचे मशीन घेण्याआधी कार्ड मिटवा

ठाण्याच्या एका वाचकाचे पत्र आहे. वय 36, हातात पगार 60 हजार, छंद चामड्याची पाकिटे शिवण्याचा. हाताने फिरवायचे 14 हजारांचे चिनी मशीन घ्यावे, की वाहतूक-जकातीसह पावणेदोन लाखांना पडणारे अमेरिकी टिपमन बॉस? पैसे क्रेडिट कार्डावरून. शेवटी जाता जाता लिहिले आहे: कार्डावर 80 हजार थकलेत, ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे महिन्याची किमान रक्कम, वेळेवर भरतो, आणि हमखास परताव्याच्या पॉलिसीचा 1 लाखाचा चौथा हप्ता बाजूला काढून ठेवला आहे.

मशीन राहू द्या. थकबाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज, वर जीएसटी. म्हणजे तुम्ही महिन्याला जे 4 हजार भरता, त्यातले 3,300 व्याजातच जातात. वर्षाचे झाले 40 हजार. आणि ज्या पॉलिसीसाठी ही ओढाताण, ती देणार जेमतेम पाच-साडेपाच टक्के!

त्यात विमा किती, तर 10 लाख. तुमचा दीड वर्षाचा पगारही नाही. मुलगी पाच वर्षांची आहे. ‘तिच्या शिक्षणासाठी’ म्हणून ज्याने ही पॉलिसी गळ्यात मारली, त्याने हा हिशेब सांगितला नाही याचा मला राग येतो.

बाजूला काढलेल्या लाखातून आधी 1 कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. निर्व्यसनी असाल तर वर्षाला 15 हजारांच्या आसपास. तो हातात पडला की 80 हजार कार्डात भरा आणि चौथा हप्ता भरू नका. तीन हप्ते गेलेत, पॉलिसी पेड-अप होईल, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू राहील. मुदतीअखेर किती मिळेल ते कंपनीकडून लेखी घ्या.

आता मशीन. टिपमन पाऊण इंच जाडीपर्यंत शिवते. ते खोगिरांचे काम. तुमचे पाकीट दोन-तीन मिलिमीटरचे. महिन्याला 20 पाकिटे विकण्याची आशा आहे, पण सहा महिन्यांत गेली चार, तीही ऑफिसातल्या मित्रांना. शिवाय पाकिटाचा वेळ कापण्यात, कडा तासण्यात आणि घोटण्यात जातो. मशीन फक्त टाके वाचवते.

कार्ड तीन महिने शून्यावर राहिले की चिनी मशीन रोखीने घ्या. ते मुळात चपला-बूट दुरुस्तीचे. चामडे दाबून धरणारा त्याचा पाय चारी दिशांना फिरतो, पण त्या पायाचे दात मऊ चामड्यावर उमटतात. ते कानशीने घासून गुळगुळीत करावे लागतात. म्हणून घेण्याआधी स्वतःच्या चामड्याचा तुकडा त्यावर शिवून बघा.