बलवाड्याच्या काकांचं देणं कसं फेडू?

मावशी,
शि. सा. न. वि. वि.

माझं माहेर इंदूरचं, रामबागेतलं. आता आम्ही अमेरिकेत, आयोवात असतो. डिसेंबरात आलो तेव्हा ओंकारेश्वराला निघालो होतो. भेरूघाट उतरून पुढे बलवाड्याच्या आसपास भावाची गाडी बंद पडली ती पडलीच. अंधारायला आलेलं, सोबत आई आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा. शेतावरून परतणाऱ्या एका काकांनी ट्रॅक्टर थांबवला, दोर बांधून गाडी आपल्या घरापर्यंत ओढत नेली. त्यांचा मुलगा मोटरसायकलवर बडवाहला जाऊन मिस्त्री घेऊन आला. तोवर आम्ही अंगणात खाटेवर. आधी चहा आला, मग नको नको म्हणताना भाकरी आणि तुरीचं वरण. मिस्त्रीने तीनशे रुपये घेतले आणि गाडी चालू करून दिली. निघताना यांनी, माझ्या नवऱ्याने, पाचशेच्या चार नोटा काकांच्या खिशात घालायला हात पुढे केला, तर ते दोन पावलं मागे सरकले. "मेहमान से कौन लेता है, साब?" चेहरा उतरला त्यांचा. गाडीत कोणी बोललं नाही. आईने तेवढं म्हटलं, "पैसे कशाला काढलेस रे?"

हे आजही म्हणतात की फुकट घेणं मला जमत नाही, गावातल्या शाळेला काहीतरी रक्कम पाठवू. मुलगा विचारतो, आपल्याला ओळखत नसताना त्यांनी हे का केलं? त्यांना काय हवं होतं? इथे तर शाळेत शिकवतात, अनोळखी माणसाशी बोलू नका. त्याला काय सांगू? आमच्याकडे बर्फ पडला की शेजारचा म्हातारा शेतकरी न सांगता त्याच्या यंत्राने आमचा रस्ता मोकळा करून जातो, ते मुलाला नवल वाटत नाही. बलवाड्याचं मात्र वाटतं. काकांचा नंबर फोनमध्ये आहे. पण लावायचा कशासाठी?

---

अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या बर्फवाल्या शेजाऱ्याचं बोलू, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच त्या ओळीत लिहिलं आहेस. त्याला तुम्ही पैसे दिलेत का? नसणार. दिवाळीत चकल्या दिल्या असतील, तो आजारी पडला तेव्हा सूप नेऊन दिलं असेल, त्याच्या कुत्र्याला दोन दिवस सांभाळलं असेल. त्याच्याशी हिशेब लगेच मिटवायची घाई तुमच्या यजमानांना झाली नाही, कारण तो उद्याही शेजारी असणार आहे. बलवाड्याला झाली, कारण तिथून तुम्ही जाणार होतात आणि परत येणार नाही असं मनात धरलं होतं. काकांनी ते तसं धरलं नव्हतं. फरक एवढाच आहे.

यजमानांना वाईट वाटून घ्यायला सांगू नकोस. त्यांचा हेतू चांगला होता, आणि परदेशात राहणाऱ्यांचंच असं होतं असंही नाही. इंदूरची, भोपाळची शहरी माणसंही हेच करतात. पण एक ध्यानात घ्या. मिस्त्रीने तीनशे घेतले आणि ते त्याने घ्यायलाच हवे होते. तो त्याचा धंदा आहे, तिथे घासाघीस न करता द्यायचे, रात्री काम सोडून आला म्हणून वर शंभर दिले तरी तो आनंदाने घेईल. काकांनी डिझेल जाळलं, त्यांच्या घरात भाकऱ्या थापल्या गेल्या, तो धंदा नव्हता. एकाच अंगणात, एकाच तासात दोन्ही गोष्टी घडल्या आणि गावातल्या पोरासोरांनाही त्यातला फरक कळतो.

आता, पैसे देणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. वेळ चुकली. तुम्ही संपर्क ठेवलात तर कधी ना कधी व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येईलच. निमाडात आणि माळव्यात आखातीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास लग्नांचा धडाका असतो. तेव्हा तुझ्या भावाच्या हाती पाकीट पाठव, अकराशे एक, एकवीसशे एक, काय जमेल ते. तेच काका ते पाकीट दोन्ही हातांनी घेतील आणि वहीत तुमचं नाव लिहून ठेवतील. कुणी किती शकुन दिला याची वही तिकडे घरोघरी असते. घरात बाळ झालं तर त्याच्या मुठीत नोट ठेवता येते, कोणी नाही म्हणत नाही. रात्री अंगणातून निघता निघता खिशात कोंबलेले पैसे मात्र मजुरी होतात.

ताबडतोब काही करायचंच असेल तर फोटो. त्या संध्याकाळचे तुझ्या फोनमध्ये असतीलच. विचारून काढलेले असतील तर इंदुरात भावाला सांगून चांगल्या कागदावर मोठे छापून घे, एक चौकटीत बसवून घे आणि पाठवून दे. गावात प्रत्येकाच्या हातात फोन आला तरी भिंतीवर लावण्यासारखा फोटो अजून दुर्मीळच. मात्र घरच्या बायकांचे फोटो तुझ्या पानावर टाकू नकोस. त्यांनी घुंगट सावरत तुझ्या आईला वाढलं ते आईसाठी होतं, आयोवातल्या चारशे ओळखीच्यांसाठी नव्हतं.

तुझ्या मुलाचा प्रश्न खरा मोठा आहे. त्यांनी का केलं? "गावची माणसं भोळी असतात" असं उत्तर त्याला देऊ नकोस, ते खोटं आहे आणि थोडं अपमान करणारंही आहे. भोळा माणूस अंधारात घाटाखाली शेती करून टिकत नाही. त्याला नकाशा उघडून दाखव. ज्या रस्त्यावर तुमची गाडी बंद पडली तो नर्मदेकडे जाणारा रस्ता आहे. नर्मदेची लांबी 1312 किलोमीटर, आणि तिची परिक्रमा करणारे लोक नदी कायम उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठांनी चालत जातात. रीत अशी की जवळ पैसा बाळगायचा नाही, मिळेल ते खायचं, सांगतील तिथे पथारी टाकायची. शास्त्रोक्त करायची तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. म्हणजे हजारो माणसं जेवणार कुठे? काठच्या गावांत. कुणी शिजवलेलं वाढतं, कुणी सदाव्रत देतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची असा कोरडा शिधा, तो घेऊन आपलं आपण रांधायचं. "नर्मदे हर" म्हणून कुणी दाराशी उभं राहिलं की कोण, कुठला हे नंतर विचारायचं. आपल्या मराठी लोकांची या वाटेवर गर्दी असते, त्यामुळे तुझ्या आईने दोन वाक्यं मराठीत बोलली असतील तर त्या घराला ती भाषा नवी नसणार.

आणि याला राजाश्रयही होता. तू रामबागेतली, तुला अहिल्याबाई सांगायला नकोत. पण मुलाला सांग. महेश्वर बडवाहहून फार लांब नाही, तिथून त्यांनी राज्य केलं, 1795 साली त्या गेल्या. घाट आणि देवळं सगळ्यांना माहीत असतात. मला त्यांच्या विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रं जास्त मोलाची वाटतात, कारण त्या अशा माणसांसाठी होत्या जी त्यांच्या राज्यातली नव्हती, कर भरत नव्हती, नुसती वाटेने जात होती. आजही उन्हाळ्यात माळव्यात रस्त्याच्या कडेला मडकी मांडून प्याऊ, म्हणजे पाणपोई, घालतात. अनोळखी माणसाला मदत करणं हा तिथे कुणा एकाच्या स्वभावाचा चमत्कार नाही, ती सवय घरोघर लावलेली आहे, पिढ्यान्‌पिढ्या. तुझ्या मुलाला तंत्र आणि व्यवस्था यांत गोडी असेल तर हे उत्तर पटेल.

पण चौदा वर्षांच्या पोराला अर्धंच चित्र दाखवू नये. खाटेवर बसल्यावर तुमचं गाव, आडनाव, समाज हेही विचारलं गेलं असेल. इंदूरचा नंबर असलेली गाडी, बरोबर म्हातारी आई, चांगले कपडे, अशा पाहुण्यांना तांब्या पटकन पुढे होतो. त्याच रस्त्याने पायी चाललेल्या मजूर कुटुंबाला दरवेळी तो तसाच मिळतो असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मे 2020 मध्ये मुंबई-आग्रा रस्त्याने मजुरांचे लोंढे घराकडे चालले होते. इंदूरच्या बायपासवर लोक जेवणाची पाकिटं, पाणी आणि चपला घेऊन उभे होते. चपला, कारण पायातल्या चालून चालून झिजून गेल्या होत्या. त्याच महिन्यांत देशात कित्येक गावांनी वेशीवर बल्ल्या आडव्या टाकून बाहेरच्यांना मज्जावही केला होता. दोन्ही खरं आहे. भीती वाढली की आतिथ्य आक्रसतं. मुलगा हे समजून घेईल, तो तुझ्यापेक्षा कमी भाबडा आहे असं पत्रावरून वाटतं.

शाळेत शिकवलेलं विसरायला सांगू नकोस. अनोळखी माणसाची मदत घ्यायची ती उघड्यावर, चार लोकांच्या देखत, आणि शक्य तर घरात बायामाणसं आहेत अशा ठिकाणी. तुमच्या बाबतीत हे सगळं आपोआप जुळून आलं. एकटाच माणूस आग्रह करतोय, सोबतच्यांपासून वेगळं काढतोय, घाई करतोय, तर नम्रपणे नाही म्हणायचं, मग तो बलवाड्याचा असो की आयोवाचा. कुणाच्या गाडीत बसण्याआधी घरी फोन करून ठिकाण कळवायचं, आणि ते समोरच्याला ऐकू जाईल असं कळवायचं. भला माणूस त्याने दुखावत नाही. पोलीस किंवा रुग्णवाहिका हवी तर 112. आणि घाटाचा रस्ता असेल तर दिवसाउजेडी निघा, एवढं तरी पाळा. सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघायला अकरा वाजतात, हे मलाही ठाऊक आहे.

पाण्याचं तू विचारलं नाहीस, पण परदेशातून येणाऱ्या सगळ्यांची तिथेच पंचाईत होते. तांब्या आला की बाटली दाखवून "नाही" म्हणू नये. "डॉक्टरांनी उकळलेलं सांगितलंय, चहा घेऊ," असं म्हणावं. तब्येतीचं कारण सगळीकडे चालतं, आणि चहा उकळलेला असतो.

उलट बाजूही सांगते, कारण पुढच्या वेळी मदतीची पाळी तुमची असू शकते. भारतात रस्त्यावर अपघात पाहिला तर "पोलिसांच्या भानगडीत नको" म्हणून पुढे जाऊ नका. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याने नाव सांगितलंच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही, त्याला अडकवून ठेवता येत नाही. 2021 मध्ये अशा मदतीसाठी पाच हजारांचं बक्षीस सुरू झालं, आता ते पंचवीस हजार आहे. बक्षिसासाठी कोणी थांबेल असं मला वाटत नाही, पण भीती गेली म्हणून थांबतील.

शाळेला देणगी. इथे मी जरा हात आखडता घ्यायला सांगेन. काकांच्या घरचं ऋण शाळेच्या खात्यात भरून फिटत नाही, ते दोन वेगळे विषय आहेत. तरीही द्यायचंच असेल तर आधी पासपोर्ट बघा. यजमानांचा पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. अमेरिकन असेल, भले ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असो, तर ती परदेशी देणगी ठरते. ती घेणाऱ्या संस्थेची एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी हवी आणि रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खास खात्यातच यावी लागते. गावातल्या छोट्या मंडळाकडे हे नसतं. न विचारता पैसे पाठवून त्यांनाच अडचणीत टाकाल. आधी गावाशी ओळख वाढू दे, वर्गाला काय कमी आहे ते काकांचा मुलगाच सांगेल.

राहिला नंबर. निघताना त्यांनी "पहुँच के फ़ोन कर देना" म्हटलं होतं की नाही? म्हटलंच असेल, आमच्याकडे त्याशिवाय कोणी कोणाला सोडत नाही. आणि तुम्ही त्या उतरलेल्या चेहऱ्याने इतके ओशाळलात की तो फोन राहिला, हो ना? मग तो आधी कर. उशिरा का होईना, "पोचलो, गाडी परत बंद पडली नाही, आईला तुमचं वरण आठवतं," एवढंच सांग. पैशांचा विषय काढू नकोस, माफीही मागू नकोस. गव्हाला पाणी दिलं का विचार. रात्री आठच्या सुमारास लाव, तुमच्याकडे हिवाळ्यात तेव्हा सकाळचे साडेआठ झालेले असतात. त्याहून उशिरा नको. रब्बीत मोटरची वीज रात्री आली की काका शेतावर जातील. यजमानांनाही बोलू दे, त्यांचं हिंदी कसंही असलं तरी. आणि मुलाला ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा ते विचारायला सांग, त्याचं आणि काकांच्या मुलाचं पुढचं ते दोघं बघून घेतील.