बोटीवरचा कॅमेरा नेमके काय मोजतो?

प्रश्न : परदेशात मासेमारी बोटींवर कॅमेरे बसवून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने मासळीची मोजदाद केली जाते, असे वाचनात आले. मासळी शेवटी बंदरात उतरतेच आणि तिथे तिचे वजनही होते. मग भर समुद्रात कॅमेऱ्याची गरज काय? संगणक मासे खरोखर ओळखतो का? आणि आपल्या किनाऱ्यावर हे जमेल का?
— एक वाचक, रेवदंडा

उत्तर : बंदरात वजन होते ते उतरवलेल्या मासळीचे. वाटेत पाण्यात परत फेकलेल्या मासळीचा हिशेब तिथे लागत नाही, आणि घोळ सगळा त्या फेकण्यातच आहे. जिथे बोटींना जातवार कोटा ठरवून दिलेला असतो, तिथे कोटा संपत आलेली किंवा कमी भावाची मासळी गुपचूप टाकून देण्याचा मोह होतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गळाला लागणाऱ्या रॉकफिशचेच पाहा. खोल पाण्यातून झटकन वर ओढल्यावर या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, आणि परत सोडला तरी तो बहुधा जगत नाही. कागदावर न आलेला असा मासा समुद्रातूनही गेलेलाच असतो.

या प्रांताने २००६ पासून तळाची मासळी गळाने पकडणाऱ्या बोटींवर निरीक्षक किंवा कॅमेरा सक्तीचा केला. लहान बोटीवर एक माणूस जादा नेणे परवडत नाही आणि त्याला झोपायला जागाही नसते, म्हणून बहुतेकांनी कॅमेरा पत्करला. गळाची दोर जिथून वर येते त्या कठड्यावर तो रोखलेला असतो. दोर ओढणाऱ्या यंत्रातील तेलाचा दाब वाढला, की ओढणी सुरू झाल्याचे यंत्रणेला कळते; जागा आणि वेळ जीपीएसवरून नोंदली जाते. खलाशांना करावे लागते ते एक साधे पण न चुकवता येणारे काम : खारे पाणी आणि खवले यांनी माखलेली कॅमेऱ्याची काच पुसत राहणे.

गंमत अशी, की यातले बहुतेक चित्रण कोणी पाहतच नाही. कप्तान आपल्या लॉगबुकात प्रत्येक ओढणीला काय ठेवले आणि काय टाकले ते लिहितो. किनाऱ्यावरचे तपासनीस साधारण एक दशांश ओढण्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडतात आणि त्यांचे चित्रण लॉगबुकाशी ताडून पाहतात. आकडे जुळले तर लॉगबुक ग्राह्य धरले जाते. फार तफावत निघाली तर त्या फेरीचे सगळे चित्रण तपासले जाऊ शकते, आणि तो खर्च मच्छीमाराच्या माथी पडतो. कोणत्या ओढण्या निवडल्या जाणार हे आधी ठाऊक नसल्यामुळे लॉगबुक मुळातच खरे लिहिले जाते. माझ्या मते या पद्धतीचे बळ यातच आहे : कॅमेरा स्वतः मोजण्यापेक्षा कप्तानाला मोजायला लावतो. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये ट्यूनाच्या बोटींवर अशीच पडताळणी आणली. न्यूझीलंडमध्ये कॅमेरे बसल्यावर डॉल्फिन आणि अल्बट्रॉस पक्षी अडकल्याच्या नोंदी वाढल्या, आणि त्या नोंदी मच्छीमारांनीच केलेल्या होत्या.

संगणकाच्या वाट्याला तूर्त येते ते तासन्‌तासांच्या रिकाम्या चित्रणातून मासा दिसणारे क्षण शोधून काढण्याचे काम, आणि ते तो बरे करतो. जात ओळखणे अवघड आहे. ‘द नेचर कन्झर्व्हन्सी’ या संस्थेने २०१६-१७ मध्ये बोटींवरच्या छायाचित्रांतून ट्यूना, शार्क वगैरे ओळखण्याची स्पर्धा घेतली होती. त्यात ओळखीच्या बोटींवर हुशार ठरलेले प्रोग्राम अनोळखी बोटींची चित्रे समोर येताच अडखळले, कारण माशाबरोबर त्यांनी बोटीचा डेकही पाठ केला होता. शिवाय यलोफिन आणि बिगआय ट्यूनाची पिल्ले समोरासमोर ठेवली तरी माणसाचीही फसगत होते.

आता आपला किनारा. गळाला मासा एकेक करून येतो, म्हणून तो कॅमेऱ्याला दिसतो. डोल जाळ्याचा किंवा ट्रॉलरचा खोळा मोकळा केला, की बोंबील, जवळा, मांदेली, कोळंबी यांचा एकच ढीग पडतो. त्यात वरचा थर तेवढा चित्रात येणार. राज्य सरकारने २०२५ च्या सुरुवातीला ड्रोनने टेहळणी सुरू केली, बोटींवर ट्रान्सपॉन्डरही बसत आहेत, पण या दोन्हींतून बोट कुठे आहे ते कळते, जाळ्यात काय आले ते नाही. आपल्याकडे बोटवार कोटाही नाही. त्यामुळे ताडून पाहण्याजोगे जे आहे ते म्हणजे २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी ठरवलेला पकडण्याजोग्या माशाचा किमान आकार, आणि त्यासाठी कॅमेरा बोटीवर चढवण्याचे कारण मला दिसत नाही. लिलावाच्या आधी मासळी जातवार निवडून टोपल्यांत लावली जाते. पापलेट तेव्हा एका थरात, आडवे पडलेले असते आणि मापाची पट्टी शेजारी ठेवता येते. प्रयोग करायचाच तर तो ससून डॉकच्या धक्क्यावर, सकाळच्या लिलावाआधी आणि फक्त पापलेटापुरता करावा.