सुनेने सही करावी का?

प्रश्न : डॉक्टरबाई, आम्ही उमरेडकडचे. माझी सून पहिलटकरीण आहे, तिला तिसरा महिना चालू आहे. मागच्या आठवड्यात आशाताईंसोबत एक सिस्टर घरी आल्या. कमी दिवसांचं बाळ होऊ नये म्हणून एका गोळीचा अभ्यास चालू आहे, त्यात सुनेचं नाव घालायचं म्हणतात. अर्ध्या बायांना खरी गोळी अन् अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कोणती, ते त्या सिस्टरलाही ठाऊक नाही म्हणे! सून हो म्हणून राहिली. मी म्हटलं, आमची पोरगी काय उंदीर आहे? पहिल्या बाळंतपणात खोटी गोळी देऊन फसवायचं? सही करू द्यावी का?
– एक सासू

उत्तर : ताई, ही सही तुम्ही करू द्यायची नाही आणि अडवायचीही नाही. ती सुनेची आहे. सज्ञान बाईच्या शरीरावरच्या अभ्यासाला तिच्याऐवजी ना नवरा होकार देऊ शकतो, ना सासू. पण तुमची धास्ती खरी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१९८६ साली मी नागपुरातच निवासी डॉक्टर होते. मे महिन्यात खेड्यावरून एक बाई आली. आठवा महिना नुकता लागलेला आणि कळा सुरू. जवळजवळ दीड दिवस ती वॉर्डात होती. बाळ झालं सव्वा किलोचं. पहिल्या तासापासूनच ते कण्हायला लागलं, दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जायच्या. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं. कच्च्या फुप्फुसांत हवेचे फुगे उघडे ठेवणारा एक साबणासारखा पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो. आईला प्रसूतीआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर तो लवकर तयार होतो. त्या दीड दिवसात आम्ही ते दिलं नाही. औषध आमच्या कपाटात होतं, दम्याच्या रुग्णांसाठी ठेवलेलं.

आणि हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं असंही नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे डॉक्टर लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते. प्रसूतीच्या कळा सुरू कशामुळे होतात, हे त्यांना शोधायचं होतं. स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की ते जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं. मग लिगिन्स आणि त्यांचे सहकारी डॉक्टर हाउई यांनी २८२ मातांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत वाटणी केली आणि १९७२ साली निकाल छापला. ज्या बाळांच्या आयांना औषध मिळालं, त्यांच्यात श्वासाचा त्रास कमी होता, मृत्यूही कमी. तरी जगभरचे डॉक्टर कचरत राहिले. अमेरिकेत १९९४ साली तज्ज्ञांची परिषद भरली, तेव्हा कुठे हे इंजेक्शन सर्रास द्यावं असं ठामपणे सांगितलं गेलं. मधल्या बावीस वर्षांत गेलेल्या बाळांमध्ये आमचं ते एक.

त्या २८२ जणींनी होकार दिला नसता तर आजही आपण अंदाजानेच चाललो असतो.

आता खोट्या गोळीबद्दल. ती फसवणूक केव्हा ठरते? न सांगता दिली तर. सुनेला आधीच सांगितलंय की दोन्हींपैकी काहीही मिळू शकतं, आणि लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या, तपासण्या, सोनोग्राफी हे नेहमीचं सगळं दोन्ही गटांना मिळायलाच हवं. मग तुलना कशाला? अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून १९४०च्या दशकापासून गरोदर बायकांना डीईएस नावाचं संप्रेरक देत होते. डॉक्टरांची खात्री होती, बायकांचीही. १९५३ साली शिकागोत दीड हजारांहून जास्त बायकांवर बिनऔषधाच्या गोळीशी तुलना झाली. औषधाचा काही उपयोग नाही असं निघालं. तरीही ते चालूच राहिलं. १९७१ साली त्या आयांच्या तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग दिसला, तेव्हा ते गरोदरपणात देऊ नये अशी सूचना निघाली. शिकागोचा निकाल वेळीच ऐकला असता तर पुढच्या अठरा वर्षांतल्या कितीतरी मुली वाचल्या असत्या. म्हणून मला बिनऔषधाच्या गोळीपेक्षा तपासणी न झालेल्या खऱ्या गोळीची धास्ती जास्त वाटते.

तुमच्या जवळचंच सांगते. कमी मात्रेची, ८१ मिलिग्रॅमची अॅस्पिरिन पहिलटकरणींना दिल्यास कमी दिवसांची बाळंतपणं घटतात का, याचा अभ्यास सहा देशांत झाला. त्यात ११,९७६ बाया होत्या, आणि आपल्या नागपूरकडच्याही. २०२० साली निकाल आला : बिनऔषधाच्या गटात १३.१ टक्के बायांची प्रसूती दिवस भरण्याआधी झाली, अॅस्पिरिनच्या गटात ११.६ टक्के. फरक लहान दिसतो, पण हजार बायांमागे पंधरा बाळंतपणं म्हणजे पंधरा घरं. (हे वाचून कुणी मनाने अॅस्पिरिन सुरू करू नका. कुणाला, कधी, किती, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.)

तेव्हा उंदीर म्हणू नका, ताई. उंदराला कुणी विचारत नाही, तुमच्या सुनेला विचारलंय. मात्र नीट विचारलं का, ते बघा. माहितीपत्रक मराठीत हवं आणि ते घरी ठेवायला मिळायला हवं. लगेच सही करा अशी घाई कुणी केली तर तिथंच थांबा. एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातंय का हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी आणि तिच्याशी बोलायचा फोन नंबर कागदावर असतो. औषधांच्या अशा चाचण्यांची देशाच्या नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, नोंद असते. तो क्रमांक मागा. गोळीमुळे काही बिघडलं तर उपचार कोण करणार, भरपाई कोण देणार, हेही लिहिलेलं असावं. आणि सुनेने स्वतः हे विचारावं : मधेच सोडलं तर माझी तपासणी, माझी डिलिव्हरी इथं आधीसारखीच होईल ना? उत्तर ‘हो’च असलं पाहिजे. ते देताना सिस्टर अडखळल्या, तर सही नको.

तिला आधी अॅसिडिटीचा किंवा रक्तस्रावाचा त्रास, दमा किंवा कुठल्या गोळीची अॅलर्जी असेल, तर तेही सिस्टरना सांगायला लावा. घरात लाजेपायी हेच राहून जातं.

सिस्टर पुन्हा येतील तेव्हा तुम्ही जरूर जवळ बसा, मनात येईल ते विचारा. फक्त कागद आधी सुनेच्या हातात द्या आणि तिचं वाचून होईपर्यंत थांबा.