ओढली एक ओळ, हलली दुसरीच

प्रश्न : मी जावाएफएक्समध्ये (जावा भाषेतील खिडक्या, बटणे वगैरे बनवण्याचा संच) डेस्कटॉप अ‍ॅप लिहीत आहे. टेबलव्ह्यूच्या, म्हणजे तक्ता दाखवणाऱ्या घटकाच्या, एका स्तंभासाठी चित्र आणि मजकूर एकत्र दाखवणारा स्वतंत्र सेल तयार केला असून, ओळ माउसने ओढून दुसरीकडे ठेवण्याची सोयही त्याच सेलमध्ये लिहिली आहे. यादी लहान असताना सारे व्यवस्थित चालते. मोठी यादी स्क्रोल केल्यावर मात्र ओढतो एक ओळ आणि हलते दुसरीच. शिवाय इतर स्तंभांवर नेताच मनाईचा कर्सर दिसतो. चूक कुठे होत असावी?

उत्तर : टेबलव्ह्यू प्रत्येक नोंदीसाठी वेगळा सेल बनवत नाही. पडद्यावर मावतील साधारण तेवढेच सेल तो तयार करतो आणि स्क्रोल होताना तेच सेल नव्या नोंदींसाठी पुन्हा वापरतो. त्यामुळे सेल तयार होतानाच किंवा ‘अपडेटआयटम’मध्ये (सेलला नवी नोंद मिळताच चालणारी मेथड) पहिल्यांदा मिळालेली नोंद तुम्ही एखाद्या चलात (व्हेरिएबलमध्ये) धरून ठेवली असेल, तर काही वेळाने त्या सेलमध्ये दिसणारी नोंद आणि चलातील नोंद यांचा संबंध उरत नाही. नोंद नेहमी ओढण्याच्या क्षणी ‘गेटआयटम’ने विचारून घ्यावी. रिकाम्या सेलमधील मजकूर आणि चित्र ‘अपडेटआयटम’मध्ये न चुकता पुसावे, नाहीतर जुनी चित्रे भलत्याच ओळींवर रेंगाळतात.

मनाईच्या कर्सरचे कारण वेगळे आहे. ‘ड्रॅगओव्हर’ ही घटना हाताळून ‘अ‍ॅक्सेप्टट्रान्सफरमोड्स’ बोलावल्याखेरीज कोणतीही जागा वस्तू स्वीकारत नाही, आणि तुमच्या रचनेत ही परवानगी फक्त एकाच स्तंभाचे सेल देतात. माझ्या मते ओढण्यासोडण्याचा सारा व्यवहार सेलमधून काढून ‘सेटरोफॅक्टरी’मधून (टेबलाच्या ओळी कशा बनवायच्या ते ठरवणारी मेथड) मिळणाऱ्या ओळीवर ठेवणेच योग्य, कारण वापरकर्ता प्रत्यक्षात ओळ ओढत असतो, सेलकडे केवळ दाखवण्याचे काम राहू द्यावे.

ओढणे सुरू होताना येणाऱ्या ‘ड्रॅगडिटेक्टेड’ या घटनेत ड्रॅगबोर्डवर, म्हणजे ओढलेली माहिती वाहून नेणाऱ्या जागेत, काहीतरी ठेवावेच लागते, अन्यथा ओढणे सुरूच होत नाही. तेथे ओळीचा क्रमांक पुरेसा आहे. साध्या मजकुराऐवजी स्वतःचा डेटाफॉरमॅट (माहितीच्या प्रकाराला दिलेली ओळख) वापरल्यास दुसऱ्या अ‍ॅपमधून आलेला मजकूर चुकून स्वीकारला जात नाही. मात्र तो स्टॅटिक (संपूर्ण वर्गासाठी एकच) ठेवावा, कारण त्याच नावाचा डेटाफॉरमॅट दुसऱ्यांदा तयार करताच अपवाद (एक्सेप्शन) फेकला जातो.

क्रमांकांचे गणितही सांभाळावे लागते. क्रमांक 2 ची ओळ क्रमांक 5 च्या आधी ठेवायची असेल, तर ती काढताच पुढच्या सर्व ओळी एकाने वर सरकतात, म्हणून ती 4 वर घालावी. खालच्या रिकाम्या ओळीवर सोडल्यास यादीच्या शेवटी जोडावी. टेबलाला सॉर्टेडलिस्ट (मूळ यादी क्रमाने लावून दाखवणारी यादी) दिलेली असल्यास ती थेट बदलता येत नाही, मूळ यादीच बदलावी लागते. आणि स्तंभानुसार क्रम लावलेला असताना हाताने ठेवलेल्या जागेला अर्थच नसल्यामुळे तेवढ्यापुरते ओढणे बंद ठेवावे.