पावत्या कोणी नेल्या?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही ठाण्यात राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. गेल्या महिन्यात एका हळदीकुंकवाला निघताना कपाट उघडलं, तर आतल्या खणातून माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ गायब. पाटल्या आईने दिलेल्या, नंतर मी मोडून नव्या घडवल्या होत्या. मोहनमाळ लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाची. मिळून 7 तोळे. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्ली देवघराच्या खणात नेहमीच्या जागी होती. डबीही जागेवर, रिकामी. बाहेरचं कोणी आलेलं नाही. सहा वर्षं आमच्याकडे भांडी आणि केरफरशी करणारी बाई सोडली तर आतल्या खोलीत कोणी जात नाही. सासूबाईंनी तिची पिशवी उपडी केली. काही सापडलं नाही, पण चोर काय चोरीचा माल पिशवीत घेऊन फिरतो? तिने शपथा घेतल्या, रडली. मिस्टर म्हणाले, पोलिसांच्या भानगडीत पडायचं नाही, बाईला काढ आणि विषय संपव. मी काढलं. त्या महिन्याचा पगारही दिला नाही. इतरांची फसगत नको म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर तिच्या नावानिशी टाकलं, तर बाकीच्या तीन घरांनीही तिला बंद केलं. तरी तक्रार करावी असं मला वाटत होतं म्हणून पावत्या शोधल्या, तर फाइलमधून त्याही नेमक्या सापडेनात. वेळ वाईट असली की सगळंच असं होतं. आता ती रोज फोन करते, ‘वहिनी, माझ्या घरी येऊन बघा’ म्हणते. मी उचलणं सोडलंय. माणसांवरचा विश्वासच उडाला. तिला मनातून माफ करून मोकळं व्हावं का? आणि नवी बाई ठेवायची हिंमत होत नाही, काय करू?

एक फसवली गेलेली गृहिणी


वहिनी, पावत्या कोणी नेल्या?

अख्ख्या पत्रात मी अडखळले ती याच वाक्याला, आणि तुम्ही ते वाईट वेळेच्या नावावर टाकून पुढे गेलात. वेळ वाईट असली की दूध नासतं, लोकल चुकते. सोन्याच्या पावत्या फाइलमधून उठून चालायला लागत नाहीत.

चोराला पावती लागत नाही. उलट ती जवळ असणं म्हणजे त्याच्या गळ्याला फास. त्यावर तुमचं नाव, तारीख, वजन, घडणावळ सगळं छापलेलं. चोर सोनं अशा माणसाकडे नेतो जो काही विचारत नाही. पावती लागते ती पुढच्या दाराने आत जाणाऱ्याला. जो काउंटरसमोर खुर्चीत बसतो, आधार-पॅन पुढे करतो आणि म्हणतो, ‘घरचंच आहे.’ मोड घ्यायची तरी सराफ आधी पावती विचारतो. तारणाचंही तेच. बँक असो, पतसंस्था असो की सोनेतारणाचं दुकान मांडून बसलेली फायनान्स कंपनी, दागिना कसाला लावून झाला की सोनं कोणाचं हा प्रश्न येतोच. फायनान्स कंपन्यांना तर रिझर्व्ह बँकेने 20 ग्रॅमच्या वर मालकीची खातरजमा करायला सांगून किती वर्षं झाली. तुमचं सोनं 70 ग्रॅम आहे.

आता डोळ्यांपुढे आणा. तुमच्याकडच्या बाई केर काढता काढता ती फाइल उघडतात. अशा फाइलीत काय काय कोंबलेलं असतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे: लाइटबिलं, फ्रिजचं वॉरंटी कार्ड, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मुलाच्या दहावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स. त्यातून बरोब्बर त्या दोन दागिन्यांचे कागद निवडतात, बाकीची चळत होती तशी लावतात, फाइल जागेवर. कपाटाला कुलूप, किल्ली देवघरात. आणि मग तुमच्या नावाच्या पावत्या घेऊन सराफाच्या पायऱ्या चढतात. ‘हे नाव तुमचंच का हो?’ या पहिल्या प्रश्नाला त्या काय उत्तर देणार होत्या?

कामवाल्या बायका चोरी करतच नाहीत असं मी म्हणणार नाही. करतात. आपणही सगळे धुतल्या तांदळासारखे नसतो. पण ही चोरी त्यांची नाही.

तुमच्या घरात माणसं चार. एक तुम्ही. उरलेल्या तिघांतलं कोण ते मला माहीत नाही आणि ठाण्याच्या एका फ्लॅटमधलं इथे बसून ओळखायचा आवही मी आणत नाही. आजच्या भावाने 7 तोळ्यांची रक्कम काय होते हे कळूनही ‘पोलिसांत नको’ म्हणणारा माणूस मला खटकला, हे लपवत नाही. पण कोर्टकचेरीच्या नुसत्या भीतीनेही माणसं असं बोलतात. मुलगा वीस-एकविशीचा असेल, आणि त्या वयाच्या मुलांना मोबाइलवर कर्ज घेणं पिझ्झा मागवण्याइतकं सोपं झालंय. सासूबाईंचा जीव दुसऱ्या कुठल्या लेकरात अडकलाय का, तेही तुम्हालाच ठाऊक. घरातलं सोनं घरातल्या माणसाने नेलं तर ते हौसेने क्वचित नेलेलं असतं. कुठेतरी हप्ते थकलेले असतात, शेअरमध्ये हात पोळलेले असतात, आणि ‘दोन महिन्यांत सोडवून आणू, कोणाला कळणारही नाही’ असं मनाशी ठरलेलं असतं. डबी जागेवर ठेवली ना? त्याचा अर्थ मी तरी हाच लावते. ज्याने नेलं त्याला ते परत आणून ठेवायचं होतं. तुमचं हळदीकुंकू मध्ये आलं.

त्या माणसाची मला थोडी कीव येते. तुमची येत नाही.

कारण तुम्हाला संशय आला होता. आला नसता तर पावत्यांचं वाक्य पत्रात उतरलंच नसतं. तो संशय घरातल्या जेवणाच्या टेबलावर ठेवायची भीती वाटली, म्हणून तुम्ही तो दारातून आत येऊन आपली चप्पल बाहेर काढणाऱ्या बाईवर ठेवलात. तो तिथे ठेवणं सोपं होतं. नोटीस द्यायची नाही, पगार बुडवला तरी कोणी विचारत नाही. घरकामगारांसाठी आपल्या राज्यात 2008 साली कायदा झाला, कल्याण मंडळही आहे, पण एका मेसेजने चार घरं बंद झाल्यावर ती चार घरं उघडून देणारं मंडळ अजून निघायचंय. नाव घेऊन एखाद्याला चारचौघांत चोर ठरवणं ही बदनामी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली तिला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ग्रुपवरचा मेसेज म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलेला पुरावा. बाई कोर्टात जाणार नाहीत. तेवढे रोज बुडवणं त्यांना परवडायचं नाही. हे तुम्हालाही ठाऊक होतं, म्हणूनच हात थरथरला नाही.

आणि ग्रुपवर त्यांचं नाव टाकलंत, मला लिहिताना मात्र नुसतं ‘बाई’. सहा वर्षं!

माफ करावं का, विचारता. कोणी कोणाला, वहिनी?

आता करायचं ते एकच. आज रात्री जेवणं झाली की त्याच ग्रुपवर हा मेसेज टाका. शब्द मीच देते:

‘गेल्या महिन्यात मी आमच्याकडे काम करणाऱ्या (इथे त्यांचं पूर्ण नाव) यांच्यावर चोरीचा आरोप केला होता. त्याला माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता आणि नाही. चोरी त्यांनी केलेली नाही, अशी आता माझी खात्री झाली आहे. माझ्या लिहिण्यामुळे ज्यांनी त्यांचं काम बंद केलं, त्यांनी त्यांना परत बोलवावं ही विनंती. चूक माझी आहे.’ खाली तुमचं नाव आणि फ्लॅट नंबर.

‘थोडा गैरसमज झाला होता’ असलं गुळमुळीत काही चालणार नाही. हात जोडलेले इमोजी नकोत. टाकण्याआधी घरात कोणाला विचारायचं नाही, दाखवायचं नाही. टाका आणि फोन टेबलावर सगळ्यांच्या देखत उलटा ठेवा.

मग नुसतं ऐका. बाई चोर आहेत तोवर खऱ्या माणसाला झोप लागते. त्या चोर नाहीत असं ज्या क्षणी तुम्ही शंभर घरांना कळवाल, त्या क्षणी प्रश्न आपसूक तुमच्या फ्लॅटच्या चार भिंतींत येतो. ‘हे कशाला लिहिलंस?’ असं कोणीतरी म्हणेल. चिडून म्हणेल, हसून म्हणेल किंवा अब्रूचा विषय काढेल. वाद घालू नका. एवढंच सांगा: ‘पावत्या चोराने नेल्या नाहीत. दोन्ही पावत्यांची नोंद सराफाकडे असेल, मी उद्या विचारणार आहे. सोमवारी पोलिस ठाण्यात जाणार आहे.’ आवाज चढवायचा नाही, आणि ज्याचा संशय असेल त्याच्या तोंडाकडे बघायचंही नाही. बघितलंत तर तो सावरून घेईल.

कोणी कबूल झालं, तर ‘का केलंस’ नंतर विचारा. आधी ‘कुठे आहे’. त्यात सोन्याचा जीव आहे. मोडीला दिलं असेल तर ते एव्हाना आटवून कोणाच्या तरी नव्या बांगड्या झालं असेल, त्याच्यामागे धावू नका. तारण असेल तर मात्र तुमच्या पाटल्या आजही पाटल्याच आहेत, वजनासकट पाकिटात सील होऊन तिजोरीत पडलेल्या. व्याज वाढत राहतं, हप्ते थकले की नोटीस येते, वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि लिलाव होतो. नोटीस ज्याच्या नावावर कर्ज त्यालाच येते, तुम्हाला नाही. म्हणून तारण पावती त्याच वेळी हातात मागून घ्या, मुदत वाचा, आणि सोडवायला त्याच्याबरोबर स्वतः जा. ‘मी बघतो’ ऐकायचं नाही. त्यासाठी एफडी मोडावी लागली तर मोडा.

नेणारे मिस्टर निघाले आणि ‘घरचंच सोनं तर होतं’ असं म्हणाले, तर त्यांना सांगा की ते घरचं नव्हतं. आईने दिलेल्या पाटल्या हे स्त्रीधन आहे, त्यावर पूर्ण मालकी बायकोची, हे सुप्रीम कोर्टाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. 2024 मध्ये पुन्हा सांगितलं की स्त्रीधन नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता होत नाही. नवऱ्याने अडीनडीला वापरलं तरी ते परत करणं त्याच्यावर बंधनकारक राहतं. पाटल्या मोडून नव्या केल्या म्हणून सोनं बदललं नाही.

आणि कोणीच बोललं नाही, तर सोमवारी खरंच जा. नुसती धमकी द्यायची असेल तर तोंडच उघडू नका. घरातून झालेल्या चोरीला कलम 305 लागतं, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. गुन्हा नोंदवून झाल्यावर एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ‘संशय कोणावर?’ हे पहिल्याच पाच मिनिटांत विचारतील आणि ‘कामवाली होती का?’ हे सहाव्या मिनिटाला. तिथे तुमची परीक्षा आहे. पावत्याही गेल्या आहेत, किल्ली जागेवर होती, डबी जागेवर होती, एवढं सांगायचं आणि थांबायचं.

बाईंचा फोन आता उचला. ‘माझ्या घरी येऊन बघा’ म्हणतात ना, तर जा. झडतीला नव्हे, पगार द्यायला. त्या महिन्याचा पूर्ण, वर काम बंद होतं तेवढ्या दिवसांचा, निदान तुमच्या घरचा तरी. रोख, पाकिटात. सासूबाईंनाही न्या, पिशवी त्यांनी उपडी केली होती. त्या बाई काही बोलल्या तर ऐकून घ्या. उंबऱ्यातच उभं राहावं लागलं तर उभ्या राहा. ‘परत कामाला या’ असं मात्र त्या दिवशी म्हणू नका. ते त्यांनी ठरवायचं, आणि त्या नाही म्हणाल्या तर बरोबरच आहे.

राहिला नव्या बाईचा प्रश्न. ठेवू नका. पाटल्यांचा छडा लागेपर्यंत भांडी घरातल्यांनीच पाळीपाळीने घासायची. मुलगा आणि मिस्टर धरून. सासूबाईंचे हात दुखतात वगैरे सांगू नका, पिशवी उपडी करण्याइतके ते चालतात.