शेजारणीबद्दल बोलू की गप्प राहू?

प्रश्न : ताई, मी नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहते. शेजारच्या घरातून रात्री आरडाओरडा आणि मारल्याचे आवाज येतात. सकाळी ती माझ्याच ठाणे गाडीला असते, हसते आणि पुढे निघून जाते. सासूबाई म्हणतात, दुसऱ्याच्या संसारात पडू नये. मी गप्पच राहू का?

उत्तर : सासूबाईंची भीती मला कळते. पण मारहाण ही कुणाच्या संसारातली खासगी गोष्ट नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानुसार, असं घडतंय असं वाटायला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याची कसलीही जबाबदारी येत नाही.

मात्र तिच्या नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका. तुम्ही घरी परताल आणि त्याचा राग तिच्यावर निघेल. सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीत याबद्दल एक अक्षर नको. तिला मेसेजही नको, तिचा फोन आणखी कोण बघतं ते आपल्याला ठाऊक नाही.

बोला ते तिच्याशीच, ती एकटी असताना. स्टेशनपर्यंत सोबत चाला आणि एवढंच म्हणा, "रात्री आवाज आला. कधीही बेल वाजवा, मी आहे." मग थांबा. समुपदेशनाला बसते तेव्हा मी सगळ्यात जास्त जपते ते हे थांबणं. समोरची बाई खाली बघत ओढणीशी चाळा करत असते आणि आपल्याला काहीतरी बोलून तिला मोकळं करावंसं वाटतं. नका करू. त्या वेळात ती तुम्हाला जोखत असते. "काही नाही हो, टीव्ही होता," असं म्हणाली तरी उलटतपासणी नको. "सोडून दे त्याला" तर मुळीच नको. घर सोडताना अनेकदा धोका वाढतो, आणि तो किती आहे ते तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोबत चाला, भाजीबद्दल बोला, लोकलबद्दल बोला. महिलांसाठीचा १८१ हा नंबर कधीतरी तिच्या कानावर घाला.

किंकाळी ऐकू आली, मुलं घाबरून रडताना ऐकू आली, तर मात्र तिला विचारत बसू नका. थेट ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन लावा. इमारत, मजला आणि घर नंबर आधी सांगा, बाकीचं नंतर. दारापर्यंत जायचंच असेल तर दोघा-तिघांना घेऊन जा.